डावखुऱ्याची पायरी

कन्नडपासून रिक्षा, मग पाऊण तास पायी,
मग जमीनच संपते.
कुसळी गवताचा माळ, एक बोरीचं झुडूप
आणि पुढे नुसती हवा.
खोल तळाशी ओढा बोलतो. त्याच्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या
कड्याच्याच अंगात कोरलेल्या.
पितळखोरा.

"किती हायेत?" बापानं विचारलं.
त्याच्या डोळ्यांना आता ऊन कळतं आणि सावली कळते, तेवढंच.
मोजून सांगते म्हटलं, तर म्हणाला, मोजू नको लसमे,
मोजलं की गुडघ्याला कळतं.

यल्लाप्पा वडार. पिशोर, नागद, चिंचोली,
गल्लीगल्लीतून "टाकी लाऽऽवा" ओरडत फिरलेला.
जात्यांचे, पाट्यांचे दात त्याच्या हातचे.
मिक्सर आले तेव्हा त्यानं हाळी बंद केली नाही,
फक्त हळू केली.
मग घरच्या घरीच, झोपेत.

पहारेकरी सांडू म्हणाला,
शेवाळ आहे बाई, म्हाताऱ्याला कशाला आणलं.
बाप तोवर खाली बसला होता.
बसूनच उतरायला लागला, रांगतं पोर उंबऱ्यावरून उतरतं तसा:
आधी तळवा, मग बूड, मग पाय.
पाटीवर काय लिहिलंय, त्यानं विचारलं.
मी वाचलं: हा दगड कधीकाळी वितळलेला होता,
थरावर थर वाहत आला, लांबवर पसरला, निवला.
म्हणजे समुद्रच की, सांडू म्हणाला. त्यानंही समुद्र पाहिला नव्हता.
"म्हणून," बाप हसला, "टाकी मारताना
कधी कधी दगड हातात हेलकावतो."

मधेच एका पायरीवर तो थांबला.
खाली हवा, वर आम्ही, आणि तो बोटांनी
दगड चाचपत राहिला,
हरवलेली सुई शोधावी तसा.
"ह्यो डावखुरा व्हता."
कोण?
"ही पायरी काढणारा. बघ, समद्यांचे वार हिकडून तिकडं,
ह्याचे उलटे.
आन् इथं त्याची टाकी घसरली. मुकादमानं शिव्या घातल्या असतील."
मी बोट ठेवलं. खरंच, एक ओरखडा, वाट चुकलेला.
दोन हजार वर्षांचा, म्हणतात.
पण मला वाटलं, मुकादम अजून ओरडतोय.

"घर बांधतात लसमे. ही बांधलेली न्हाई.
वरून सुरू केली त्यानं, नको ते काढत गेला,
पाय ठेवायपुरतं उरवलं."
मग बराच वेळ गप्प.
"पडला असंल का कोणी?" मी विचारलं.
"पडलाच असंल," असं म्हणून त्यानं
त्या पायरीवरनं दोनदा हात फिरवला,
बैलाच्या पाठीवरनं फिरवतात तसा.

खाली हत्तींची रांग होती, नाग होता,
ते बघायला लोक येतात.
आम्ही तिथवर गेलोच नाही.
त्यानं कमरेच्या पिशवीतून टाकी काढली,
बोटभर उरलेली, डोकं फुटून फुललेली.
सांडू धावला: ओ बाबा, गुन्हा लागंल!
"मारत न्हाई बाबा," बाप म्हणाला,
आणि टाकी माझ्यापुढे धरली.

शाळेत डाव्या हातावर पट्ट्या खाल्ल्या मी.
घरी बापानंही उजव्यात चमचा दिला,
टाकी तर कुठल्याच हातात दिली नाही;
पोरीचं काम नव्हे, म्हणायचा.
आता म्हणाला, "धर. तुझ्या हातानं."
मी टाकीचं टोक त्या उलट्या व्रणात ठेवलं.
ते बसलं.
हातोडी नव्हती. कुणी काही मारलं नाही.
ओढ्याचा आवाज तेवढा वर येत राहिला.

चढताना तो माझ्या खांद्यावर होता, निम्मा.
मी मोजल्या.
सांगितल्या नाहीत.