पळता भुई

शर्यतीच्या आधी तीन दिवस
मी दगडांना चुना फासतो.
इसांडलवानाच्या पायथ्यापासून
म्झिन्याथी नदीच्या उतारापर्यंत
जिथे जिथे पळणारा पडला
तिथे दगडांचा एकेक ढीग.
तीन दिवसांची रोजंदारी मिळते
आणि एक टोपी, वर्ष छापलेली.
गेल्या वर्षीची मी गाढवाला घातली आहे,
कान बाहेर काढून.

सकाळी सहाला बंदूक उडते. खोटी.
तरी टिटव्यांना ते कोण सांगणार?

दोनशे माणसं उताराला लागतात,
डर्बनची, जोहान्सबर्गची,
वेल्सहून आलेले दोन लालबुंद भाऊ.
जीव मुठीत धरून पळावं अशी ही वाट,
यांच्या मुठीत गोड जेलच्या पुड्या.
भोंग्यावरचा बाई-आवाज सांगतो,
याच वाटेने ते निसटले.
ते.
ते म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही.

पण पळणाऱ्याच्या मागे कुणीतरी असतंच ना?

माझा पणजोबा भेजाने मागे होता.
एकोणीस वर्षांचा, अनवाणी,
पोटात आदल्या दिवशीचा भाजका मका.
त्या दुपारी सूर्यालाही ग्रहण लागलं होतं
आणि गवत, बाप सांगायचा,
गवत राखेच्या रंगाचं झालं होतं.
काटे, घळी, कोरफडी, सुटलेले घोडे.
पळता भुई थोडी झाली ती गोऱ्यांना,
त्याला ती संपता संपेना.
नदीकाठी त्याने एकाला धरलं.
हातात आली नुसती बाही.
तांबडी, ओली, एक बटण असलेली.
पुढचं पाण्याला ठाऊक.

नंतर तो कधी धावला नाही.
वासरू पिकात शिरलं तरी
चालतच जायचा.

यंदा माझी भाची धावते आहे, झिबुयिले,
नंबर एकशे चौदा,
चुलतभावाचे बूट, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं.
काल रात्री विचारत होती,
मामा, मी पळणाऱ्यांतली की पाठलागातली?
मी म्हटलं, पहिल्या पाचांतली हो, बस्स.
पाचांना पैसे आहेत.

सातवी आली.

दोरखंड धरून नदीत उतरताना
वेल्सचा धाकटा भाऊ मध्येच थांबला होता म्हणे,
कमरेएवढ्या पाण्यात, वर न बघता.
रडत होता की श्वास घेत होता, कळलं नाही, म्हणाली.
मग मी बाजूने गेले.

दुपारनंतर गाड्या निघून जातात.
उरतात कागदी पेले.
त्याचेही पैसे वेगळे मिळतात,
म्हणून आम्ही दोघं पोतं घेऊन निघतो,
नदीपासून डोंगराकडे,
उलटे.

चढ आहे. बोलणं होत नाही.
निम्म्या वाटेवर ती एका ढिगाला टेकते,
पाठीवर चुन्याचा पट्टा उमटतो.
म्हणते, ते परतही याच वाटेने आले असतील ना,
आपले?
आले असतील.
ढालींवर माणसं घालून, हळूहळू.
कुठला दगड कुणी ठेवला नाही तिथे,
कारण आपली माणसं घरी न्यायची होती,
आणि जी नेता आली नाहीत
त्यांच्यावर गवत आहे. चांगलं गवत. गुरं खातात.

किती वेळ लागला असेल?
ते कुणी मोजलं नाही, बाई.

तिचं नाव माझ्या बहिणीने ठेवलं.
झिबुयिले, म्हणजे गुरं परत आली.
तेव्हा खरंच आली होती, हरवलेली चार.

पोतं भरलं तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं.
घराच्या कुंपणाशी पोचतोय
तोच वासरू मक्यात शिरलं.
मी तिच्याकडे पाहिलं.
तिने बूट काढून हातात घेतले होते,
आतलं वर्तमानपत्र लगदा झालेलं.
पाय दुखतात, म्हणाली,
आणि गेली,
चालतच.