बद्द वाजतं ते

रात्री पावणेदोनला उद्यमबागेतून आला
मष्णू हुंदरे, वय एकेचाळीस,
फौंड्रीत फेटलिंगला.
साखळीला टांगलेली पेटी झुलली
आणि डाव्या कुशीत बसली, एवढंच.
पोटावर ओरखडा नाही.
बनियनला काळी वाळू,
करगोट्याच्या वर थोडं लालसर.
"उठून चाललो की वो, चहा बी प्यालो,
मग डोळ्यांपुढं अंधारी आली."

खाली सोनोग्राफीत प्लीहेभोवती पाणी दिसलं होतं.
पाणी म्हणायचं; असतं रक्त.
बीपी धरून होतं म्हणून वर माझ्याकडं,
सुटलं असतं तर थेट ऑपरेशनला,
माझी खोली मध्ये आलीच नसती.

संमतीचा कागद कन्नडात.
भाऊ लुमाण्णानं तो उलटासुलटा केला, माझ्याकडं बघितलं.
मी वाचून सांगितला.
त्यानं मराठीत सही केली,
'ण्णा'वर पेन अडखळलं.

चांदीचा करगोटा सोडवून त्याच्याच खिशात.
मष्णूला सांगितलं : औषध सुटलं की अंगात ऊन भरेल,
लघवी झाल्यासारखं वाटेल, होत नाही.
तोंडात लोखंडाची चव येईल.
तेवढ्या दुखण्यातही तो हसला.
"ती तर रोजचीच."

सुई टोचताना बोलतं ठेवायचं
म्हणून कामाचं विचारलं.
म्हणाला, वाळू झाडायची,
मग बीडाला हातोडीनं हलकं वाजवायचं.
चांगलं असलं तर घंटेवाणी वाजतंय,
आत चीर असली की बद्द.
वरनं दोन्ही सारखीच.
"मालक मशीन आणतो म्हणतोय,
पण माझा कान चुकत नाही."

काचेमागं आलो.
यंत्राला हिंदी येतं आणि इंग्रजी,
म्हणून त्याचा आवाज मी बंद ठेवतो.
माइकवर स्वतः म्हणतो : श्वास घ्या, धरा.
दुपारी गोकाकच्या एका ड्रायव्हरला म्हणालो होतो, उसिर हिडीरी.
धरलेला श्वास पडद्यावर सारखाच दिसतो
आणि खोकला चित्र सारखंच बिघडवतो.

सत्तर सेकंद.
यकृत करडं, सलग, बरं.
दोन्ही मूत्रपिंडं पेटलेली.
स्वादुपिंड जागेवर.
डावीकडं प्लीहा :
कडेपासून देठाकडं काळी चीर,
भोवती अंधाराचा जाड काठ,
आणि चिरेच्या टोकाशी
जोंधळ्याएवढा पांढरा ठिपका.

तो पसरला तर रक्त वाहतंय.
हे कळायला पाच मिनिटं थांबावं लागतं,
दुसऱ्या फेरीपर्यंत.
या पाच मिनिटांत या खुर्चीत मी
डबा खाल्लाय, फोनवर भांडलोय.
एकदा, सायकलचं हँडल पोटात बसलेला शाळकरी पोरगा होता,
तेव्हा नुसता काचेवरचे बोटांचे ठसे पुसत बसलो.

"दिसलं काय वो आत?"
मला सांगायची मुभा नाही.
मी चित्र काढणारा. वाचणार बागी मॅडम,
त्यांच्या चपला जिन्यात वाजतायत.
"दिसतंय," म्हणालो. "हलू नका."
तो गप्प. मग हळूच,
"बद्द वाजतंय काय?"

दुसरी फेरी. ठिपका तेवढाच,
बाकीच्या नसांबरोबर विझत आलेला.
मॅडमनी वाकून पाहिलं, फोन लावला,
कन्नडात सुरू करून मराठीत संपवला :
मांडीतून तार घालू, तेवढी एक धमनी बुजवू,
पोट उघडायचं नाही, सध्या.
'सध्या' त्यांनी सावकाश म्हटलं.

टेबल बाहेर सरकलं.
त्याला उठू दिलं नाही, चादरीसकट चौघांनी उचलला.
जाता जाता त्यानं
मोकळ्या हाताच्या पेरानं
यंत्राच्या कड्यावर दोनदा वाजवलं,
कान दिला,
आणि काहीच सांगितलं नाही.