एक दांडा आडवा

यांग मालसून जेजूच्या समुद्रातून वर येते
तेव्हा तिची बोटं कुणाचीच नसतात.
पाच तास पाण्यात. कातडी पांढरी, फुगलेली,
रेषा पाण्याकडेच राहिलेल्या.
कुलूप मात्र आदबशीर:
‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

मुलानं सोलहून येऊन बसवलंय. कॅमेराही.
‘बोट नाही चाललं तर माझा वाढदिवस दाब, आई.’
दाबते.
तिला तिथी पाठ, कुलपाला तारीख हवी.
लाल दिवा.

फाटकाच्या दगडी खांबांना अजून तीन-तीन भोकं आहेत.
एक दांडा आडवा: इथंच आहे, येते.
दोन: संध्याकाळ होईल.
तिन्ही: लांब गेलेय, वाट बघू नका.
एकही नाही: या, बसा.
चोरालाही वाचता यायचं हे.
आलेही असतील. न्यायला होतं काय,
शंखांचा वास?

पायरीवर बसून ती बोटं उन्हात धरते
शेवाळ वाळवावं तशी,
पुन्हा आपली होईपर्यंत.
मग काय वाटतं कोण जाणे, उठते
आणि आपल्याच अंगणात, आतल्या बाजूनं,
एक दांडा खांबात सरकवते.

सोलमध्ये मुलाचा फोन थरथरतो:
फाटकाजवळ हालचाल.