अडीच पट्टे

लायन गेटसमोरच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर,
सांतान मास्तरच्या हाताखाली मी बाह्या शिकलो.
फक्त बाह्या. गळा आणि खांदा मास्तरचा,
पाटलोणी फ्रान्सिसच्या, बाही माझी:
मनगटापासून किती बोटं वर पहिली फीत,
दोन फितींत किती निळं सोडायचं,
आणि सगळ्यात वरच्या फितीला तो वळसा,
निजलेल्या गोगलगाईसारखा.
वळसा चुकला तर मास्तर काही बोलत नसे.
ब्लेड पुढे सरकवी.

दारातून कुणी आत आलं की मी तोंड बघायचो नाही.
एक पट्टा: नुकतं मिसरूड, बुटांचा आवाज मोठा.
दोन: लग्न ठरलेलं, किंवा मोडलेलं.
अडीच, म्हणजे दोन जाड आणि मधे एक बारीक:
हा सारखा घड्याळ बघायचा.
तीन झाले की आवाज खाली यायचा.
चार पट्टेवाला स्वतः येतच नसे,
त्याचा कोट यायचा, शिपायाच्या हातावर आडवा.
फितींमधे तांबडं कापड म्हणजे डॉक्टर,
पांढरं हिशेबनीस, जांभळं इंजिनवाला.
लढाईपुरते भरती झालेल्यांच्या फिती नागमोडी.
त्या शिवायला मला आवडायचं.
समुद्र जर कुठे असेल त्या कोटांत,
तर तिथेच होता.

बढतीची बातमी बायकोआधी आम्हाला.
"सात तारखेला हवं, मास्तर. बोलू नका कुठे."
विजयदुर्गाकडचा माझा मामा विचारायचा,
"आंगऱ्यांच्या गुराबांवर कोण होतं रे जरीत मोजलेलं?
तांडेल ओळखू यायचा तो शिवीवरून."
मी हसायचो, आणि कलाबतू गजावर धरायचो.

खारं वारं जर काळी करतं.
ब्रश नाही, पाणी नाही.
शिळ्या पावाचा चुरा, आणि बोटाचं टोक.

पन्नासच्या जानेवारीत चार आठवडे नीट झोप नाही.
अख्ख्या बंदरातले मुकुट उतरवायचे होते.
टोपीवरचा मुकुट, गुंड्यांवरचा मुकुट,
एका कोटाला आठ, आणि कोट किती ते विचारू नका.
त्या जागी सिंह.
फ्रान्सिसला वाटलं सिंह जाडा आहे,
तो कात्री घेऊन काजाकडे वळला.
मास्तर म्हणाला, "काज तेच राहू दे."
बिस्किटांचा डबा मुकुटांनी भरला.
भंगारवाल्याने पितळ म्हणून तोलला,
वर डबा फुकट मागितला.
एक गुंडी मी ठेवून घेतली. का, ते नाही सांगता येणार.

त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर,
ठाकूरद्वारहून धैर्यवानबाई आल्या.
हातात कोट. अडीच पट्टे.
"फिती काढून द्या. मुलगा पुण्याला कॉलेजात जातोय,
तिकडे थंडी असते."
साहेबांचं मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.
खुर्चीत न टेकता बसून राहिल्या.

टाके माझेच होते, शेचाळीस सालचे.
डाव्या बाहीचा वळसा एका दोऱ्याने तिरका:
त्या दिवशी मास्तर म्हापशाला गेला होता,
ब्लेड पुढे आलं नव्हतं.
अर्धा तास उसवत होतो.
फिती निघाल्या, आणि खाली
कापड कोरं.
बाकी बाही उन्हाने राखाडलेली,
पण तेवढी जागा निळी, ताग्यातून आत्ता फाडल्यासारखी:
दोन जाड, मधे एक बारीक,
वर तो तिरका वळसा.

बाईंनी त्यावरून नख ओढलं.
"हे नाही निघणार?"
"हे शिवलेलं नाही, बाई. हे उन्हाने केलंय."
त्या थोडा वेळ बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "बरं झालं," आणि मजुरी विचारली.

जरीत चांदी असते. वितळवली तर दोन पैसे येतात,
म्हणून फिती पुडीत बांधून दिल्या.
कोट त्यांनी छातीशी धरून नेला,
पुडी टेबलावर राहिली.
जिन्यापर्यंत धावलो. खाली रस्त्यावर गर्दी होती.

पुडी अजून आहे, मुकुटाच्या गुंडीशेजारी.
काळी पडते.
वर्षातून एकदा मी पाव आणतो,
आणि तो दोन दिवस शिळा होऊ देतो.