नव्याण्णव

बायनखोशूच्या चढावर रुग्णवाहिका दोनदा घसरली.
उणे चौतीस.
लख्वासुरेन उतरून चाकांखाली राख टाकतो,
कुणाच्या तरी चुलीतली, अजून कोमट.

दार उघडलं तर आत ऊब.
इतकी, की क्षणभर मलाही वाटलं, बसावं.
असंच वाटतं. असंच वाटून माणसं इथे झोपतात.
आधी छताचा दोर ओढला,
नमद्याचं झाकण सरकलं आणि गोल भोकातून
चार चांदण्या अन् कोयत्यासारखी हवा खाली आली.
मग नाडी.

सोलोंगो, वय सव्वीस, सातवा महिना.
गाल लालबुंद,
जणू आत्ताच बर्फात खेळून आलीये.
सुंदर दिसत होती. तेच वाईट.
जबड्याच्या कोपऱ्यांमागे बोटं घालून
हनुवटी पुढे उचलली;
घशावर पडलेली जीभ जागची हलली,
घरघर थांबली
आणि एक अख्खा श्वास आत उतरला,
कोरड्या विहिरीत बादली आपटत जावी तसा.
ओठांच्या कडेपासून कानाच्या पाळीपर्यंत मापून
वाकडी नळी तोंडात बसवली.

बोटाला चिमटा लावला.
यंत्र म्हणालं, नव्याण्णव.
दावाखूने आकडा वाचला आणि मटकन खाली बसला.
"नव्याण्णव! म्हणजे ठीक आहे ना?"
त्याचा जीव भांड्यात पडला होता.
तो तिथून उचलून
पुन्हा टांगणीला लावायचं काम माझं.

यंत्राला नुसता रंग कळतो, भाऊ.
खिडकीत दिवा दिसला की ते म्हणतं, मालक घरी आहे.
चोरही दिवा लावून बसतो
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मास्क. पिशवी. पंधरा लिटर.
थंडीने नळी काठीसारखी ताठ,
काखेत धरून मऊ केली.
गाडीतलं मोठं सिलिंडर मघाच्याच फेरीत संपलं,
हातातलं हे दोन लिटरचं, काटा दीडशेवर.
तीनशे भागिले पंधरा: वीस मिनिटं.
उतार, धूर, खालच्या चौकातली कोंडी: पस्तीस.
शाळेत गणितात मी काठावर पास.
हे एवढं एक गणित तोंडपाठ आहे
आणि दर हिवाळ्यात उत्तर चुकत नाही.

"पंधराचे आठ करू का?" मनात आलं.
आलं, हे लिहून ठेवते.
केले नाहीत.

लख्वासुरेन वायरलेसवर कुणाशी तरी भांडत होता.
पेट्रोल पंपापाशी दुसरी गाडी आडवी उभी,
खिडकीतून एक हात, हातात सिलिंडर,
तान्हं मूल द्यावं तसं दोन्ही बाजूंनी सांभाळून.
किल्ली बोटांना चिकटली, कातडं थोडं तिथेच राहिलं.
जुनं काढून नवं लागेपर्यंत अकरा सेकंद.
पिशवी आधी चपटी,
मग टम्म.

दुसऱ्या चौकात तिला उबळ आली.
नळी तिनेच जिभेने बाहेर ढकलली.
अशी शिवी मी आयुष्यात आनंदाने ऐकली नव्हती.
"डोकं फुटतंय. काढा हे तोंडावरचं. मी बरी आहे."
तू बरी आहेस, म्हटलं,
मास्क आता तुझ्यासाठी नाहीच.

तिचा हात आपोआप पोटावर गेला.
तुझं रक्त धुराला लवकर सोडतं, त्याचं उशिरा.
लहान मुलाची मूठ कधी सोडवून पाहिलीयेस?
काय धरलंय ते त्याला ठाऊक नसतं,
म्हणून तर इतकी घट्ट.
एकेक बोट उलगडावं लागतं.
वेळ लागेल. सकाळ होईल.

ती काही बोलली नाही.
दोन्ही हातांनी मास्क नाकावर दाबून धरला,
आत धुकं येत होतं, जात होतं.
दावाखू अजून चिमट्याकडेच बघत होता;
तिथे मघाचाच आकडा,
तितकाच छान.

दवाखान्याच्या दारात लख्वासुरेनने विचारलं,
"रिकामी कुठे ठेवू?"
माझ्या सीटखाली, म्हटलं, आणि दोन भरलेली माग,
नाही म्हणाले तरी माग.
अकराच वाजले होते.
टेकडीवर अजून बरीच धुराडी जागी होती.