डुकराचा सदरा

ग्वादालाहाराबाहेरच्या माळावर
आम्ही डुक्कर पुरलं. अंगात सदरा,
पाय दोरीनं आवळलेले,
ते लोक आवळतात तसे.
मग पाच महिने वरून ड्रोन,
आणि खाली मी, हिरव्याच्या छटा मोजत.

एदुविहेस आली लोखंडी सळई घेऊन.
रोवते, उपसते, टोक नाकाशी नेते.
लिओबार्दोसाठी चार वर्षं हेच.

पडद्यावरचा पिवळा ठिपका दाखवला तिला:
इथं मातीत नत्र जास्त, म्हणून ही फुलं.
"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"अशी फुलं दिसली की मी आधी
जरा खाली बसते. मग सळई."

नोंदवहीत बसण्याला रकाना नव्हता.

दुसऱ्या डुकराचा सदरा खुर्चीवर पडला होता.
"कुणाचा?"
माझाच, म्हटलं. जुना.
तिनं तो उलटसुलट केला,
पिशवीतून सुई काढली,
गळ्याचं लोंबतं बटण पुन्हा लावलं,
दातांनी दोरा तोडला.

"घट्ट लावत जा रे," म्हणाली,
"शेवटी आम्हाला
एवढंच दाखवतात."