डाग

हर्गेसाहून पत्र्याची पेटी आली ती ट्रकमधून,
शेळ्यांच्या मधोमध, दोरखंडानं आवळलेली.
शाळेचं छप्पर युद्धात गेलेलं,
म्हणून मतदान उघड्यावर,
आणि गुप्ततेपुरती
वारसमे मास्तरांच्या बायकोची फुलाफुलांची चादर.

आधीच्या तीन रात्री विहिरीपाशी
कर्ण्यावरून राज्यघटना वाचून झाली होती.
उंट पाणी पीत राहिले.
कुणीतरी विचारलं,
विहिरीवर आधी नंबर कुणाचा, त्याचं कलम कितवं?
मी पानं चाळली. खरंच चाळली.

दुपारी देको सहरदीद आली, दोन दिवस चालत.
जन्मसाल विचारलं तर
"टोळ आले त्याच्या पुढच्या वर्षी."
मी लिहिलं : वय अंदाजे.
बोट मागितलं.
नखांपासून मनगटापर्यंत मेंदी,
काळी पडलेली, नातीच्या लग्नातली.
शाई टेकवली, दिसेना.
परत बुडवलं. दिसेना.

नियम म्हणतो, खूण दिसली पाहिजे.
कुणाला, ते म्हणत नाही.
माझ्या भावाचं पत्र अजून
शेजारच्या देशातून येतं, कुणाच्यातरी खिशातून,
घामानं चिकटलेलं.
पाकिटावर देशाच्या जागी काय लिहू,
असं त्यानं एकदा पत्राच्या आतच विचारलं होतं.

देको म्हणाली, कानाच्या पाळीला लाव.
शेळ्यांना आम्ही तिथंच करतो.
आणि हसली, दात नव्हते.
"उंटाचा डाग काय उंटानं वाचायचा असतो, मास्तर?
परक्या विहिरीवर भरकटला
तर तिथला माणूस मान बघतो, म्हणतो, हा अमक्यांचा.
पाणी पाजतो. निरोप धाडतो."
मी पाळीला शाई लावली.
ती चादरीमागं गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

रात्री कंदिलाखाली मोजणी.
परदेशी पाहुणा एकच,
सरकारनं पाठवलेला नव्हे, हे त्यानं दोनदा सांगितलं,
स्वतःच्या पैशानं आलेला, वहीवर वाकलेला.
होकार, होकार, होकार,
मधेच एखादा नकार, तोही नीट घडी घातलेला.
मग ती चिठ्ठी :
दोन्ही चौकोनांवरून आडवी
एक लांब रेघ, टोकाशी वाकलेली, खाली दोन ठिपके,
कागद फाटेल इतकी दाबून.

नियमानं बाद.
बादच्या ढिगात ती एकटीच राहिली.
पाहुण्यानं कंदील जवळ ओढला.
हे काय लिहिलंय?

अमक्यांचा, मी म्हटलं.
त्यानं वहीत काय टिपलं, मला दिसलं नाही.